पापलेट वाचवायचे, पण पहिले जाळे कोणी आवरायचे?

राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित करण्यात आले. त्यानुसार १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडणे निषिद्ध ठरले. माशाला वाढण्याची आणि निदान एकदा तरी वीण घालण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. परंतु या हेतूचे भवितव्य मंत्रालयात नव्हे, तर किनाऱ्यावरील नौकामालकाच्या निर्णयावर ठरणार आहे. लहान मासा न पकडण्याच्या सामूहिक प्रयत्नात सामील व्हायचे की नाही, हा तो निर्णय.

शहरी वाचकाला याचे उत्तर सोपे वाटते. मासा टिकला तरच मच्छीमार टिकेल, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. सातपाटीपासून उत्तनपर्यंतच्या कोळीवाड्यांना तर ते केव्हाच कळले आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न लोटण्याची प्रथा कायद्याहून जुनी आहे. प्रश्न जाणिवेचा नसून भरवशाचा आहे. आपण मोठ्या आसाचे जाळे टाकले आणि आपल्या जाळ्यातून सुटलेले पिल्लू शेजारच्या नौकेने उचलले, तर वाचले कोण? मासा तर नाहीच. उलट नियम पाळणाऱ्याचे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च मात्र वाया गेला.

या पेचाला जाळ्यांच्या प्रकारांचाही पदर आहे. तरंगत्या जाळ्यात साधारण ठरावीक आकाराचा मासा अडकतो, तर बारीक आसाच्या डोल जाळ्यात आणि ट्रॉलच्या शेपटात येईल ते सर्व सापडते. त्यामुळे एकाच नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. एका पद्धतीच्या मच्छीमारांनी ठराव करायचा आणि दुसऱ्यांनी तो पाळायचा, अशी वेळ आली की संवर्धनाची चर्चा भांडणात बदलते. त्यातच राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपते. पापलेटला ना ही हद्द ठाऊक, ना गुजरातची सीमा.

असे प्रयत्न यशस्वी होतच नाहीत, असे मात्र नाही. केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांची निर्यात १९८०च्या दशकात सुरू झाली आणि बेसुमार उपशामुळे १९९०च्या दशकात उत्पादन घसरले. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ वर्ज्य ठरविण्यात आला, जाळ्याच्या आसावर बंधन आले आणि लहान तिसऱ्यांच्या निर्यातीला आळा घालण्यात आला. मच्छीमार, शासन, शास्त्रज्ञ व निर्यातदार यांची संयुक्त परिषद स्थापन झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच.

अष्टमुडीचा धडा जसाच्या तसा पालघरला लागू पडणार नाही. तिसऱ्या जागा सोडत नाहीत. आज न काढलेली तिसरी उद्या तेथेच सापडते. पापलेटबाबत अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तरीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथे खरेदीदारही नियमात बांधला गेला. लहान मालाला गिऱ्हाईकच उरले नाही, तर तो पकडण्याचा मोह आपोआप कमी होतो. सामूहिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही हेच दाखविले होते. वापरकर्त्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला पायरीपायरीने दंड केला, तर सामाईक संपत्ती टिकू शकते.

म्हणूनच सामील होण्यापूर्वी मच्छीमाराने तीन प्रश्न विचारले, तर त्याला स्वार्थी म्हणता येणार नाही. सर्व पद्धतींचे मच्छीमार या ठरावात आहेत काय? बंदरावर आणि घाऊक बाजारात तपासणी कोण करणार? आणि पहिल्या एक-दोन हंगामांत होणारी तूट कोण सोसणार? तिसऱ्या प्रश्नाला राज्यातच एक उत्तर सापडते. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपये भरपाई देण्याची योजना २०१८च्या अखेरीस सुरू झाली. संवर्धनाची किंमत एकट्या मच्छीमाराकडून वसूल करायची नाही, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले आहे. ते पापलेटच्या पिल्लांपर्यंत नेण्यास हरकत नसावी.

अर्थात, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बाहेर राहणे हेही फुकटचे नाही. घटत्या माशामागे नौका अधिक दूर न्यावी लागते. प्रत्येक फेरीचा खर्च वाढतो. बाहेर राहणारा नुकसान टाळत नाही, केवळ हप्त्याहप्त्याने भरतो. शिवाय नियम ठरविणाऱ्या बैठकीत जो नसतो, त्याच्या जाळ्याचा विचार त्या नियमात क्वचितच होतो. अटी घालून का होईना, आत शिरणे हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग दिसतो.

आणि हा निर्णय केवळ कोळीवाड्याचाही नाही. मुंबई-ठाण्याच्या बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचा वाटा स्वस्त मिळतो म्हणून उचलणारे गिऱ्हाईकही या साखळीचा दुवा आहे. त्याने हात आखडता घेतला, तर समुद्रातील पहिले जाळे आवरणे थोडे सोपे होईल.