कुलाबा कोणी राखला आणि साष्टी कोणी घालविली ?

पेशवाईचे भाट उठल्यासुटल्या सांगतात की, 1721 साली कुलाबा वाचला तो बाजीरावामुळे. बाजीरावाचे घोडदळ शाहू महाराजांच्या हुकमाने आले व उपयोगी पडले, हे आम्ही नाकारीत नाही. पण घोडा काही तटावर चढून शत्रूची शिडी ढकलीत नाही !

त्या साली मुंबईचे इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन सुमारे 6000 फौजेनिशी अलिबागेवर चालून आले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज मदतीस होता. डिसेंबरात कुलाब्यास शिड्या लागल्या. मार खाऊन हल्ला परतला. पुढे पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस गेले. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे आरमार व किल्ले ज्यांच्या बळावर उभे होते, ते कोळी, भंडारी, गाबीत व मराठे होते. त्यांची नावे कोणत्या बखरकाराने लिहिली ?

आता पुढचे पान उलटा. इंग्रजांस जो विजयदुर्ग 1717 साली घेता आला नाही, तो 1756 साली पडला; कारण आदल्या साली नानासाहेब पेशव्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशीच तह केला होता ! मराठ्यांचे आरमार त्या बंदरात जळून खाक झाले. कैवारी म्हणतील, तुळाजी आंग्रे उद्दाम होता. असेल. पण घरचा दांडगा भाऊ आवरावयाचा म्हणून दरोडेखोराच्या हाती कोणी किल्ल्या देतो काय ?

फळ आमच्याच दारी आले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे ज्या साष्टी बेटात आहेत, ते बेट मावळ्यांनी 1737 साली रक्त सांडून पोर्तुगिजांपासून घेतले होते. आरमार जळाल्यास पुरती 19 वर्षे झाली नाहीत तोच, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले व साष्टी गेली. 1782 च्या सालबाईच्या तहाने ती कायमची गेली.

बांधवहो, वेसावे व मढ येथील कोळ्यांच्या मुलांस शाळेत 1721 ची सनावळी जरूर शिकवा. परंतु तिच्याशेजारी 1756 व 1774 हेही आकडे मांडा. तटावर लढले कोण आणि तहात घालविले कोणी, हा हिशेब मग ती मुले स्वतःच करतील !