लेबननचा दुकानदार

ज्याचें स्वतःचें दुकान बुडालें, त्याच्या हातीं दुसऱ्याच्या कोठाराच्या किल्ल्या द्याव्या काय? आपल्या घरांतील कोणीहि वडील मंडळी या प्रश्नाचें उत्तर क्षणाचाहि विचार न करितां देतील. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतानें मात्र १७६९ सालीं अशाच एका बुडालेल्या व्यापाऱ्यास गव्हर्नर केलें, आणि पुढें इंग्लंडशीं युद्ध पेटलें तेव्हां सैन्याच्या अन्नवस्त्राची काळजीहि बऱ्याच अंशीं त्याच्याच अंगावर पडली. त्याचें नांव जोनाथन ट्रंबुल. वॉशिंग्टन, फ्रँकलिन हीं नांवें आपल्याकडील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतात; ट्रंबुलचें नांव फारसें कोणाच्या कानांवर नसेल.

तो १७१० सालीं लेबनन नांवाच्या खेड्यांत जन्मला. (नांव बायबलांतलें, आशियांतील त्या नांवाच्या देशाशीं या खेड्याचा कांहीं संबंध नाहीं.) मुलगा तल्लख म्हणून बापानें त्यास हार्वर्ड कॉलेजांत पाठविलें, आणि सतरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७२७ सालीं, तो तेथील पदवीधर झाला. धर्मोपदेशक व्हावें असें त्याच्या मनांत होतें व तशी तयारीहि चालली होती. इतक्यांत १७३२ सालीं, बापाचा व्यापार सांभाळणारा त्याचा भाऊ जोसेफ समुद्रावर गेला तो परत आलाच नाहीं. म्हाताऱ्या बापाच्या दुकानावर बसणारें दुसरें कोणी नव्हतें. जोनाथननें धर्मग्रंथ मिटले आणि खातेवही उघडली. असे प्रसंग आपल्या एकत्र कुटुंबांतहि कांहीं थोडे घडत नाहींत.

व्यापार कसला, तर आसपासच्या शेतकऱ्यांकडून गुरें, धान्य, खारवलेलें मांस घ्यावयाचें. गुरांचे कळप हांकीत बोस्टनला न्यावयाचे. कांहीं माल जहाजांनीं वेस्ट इंडीज बेटांकडे धाडावयाचा. आणि विलायतेहून कापड, हत्यारें, भांडीं आणून तीं त्याच शेतकऱ्यांस विकावयाचीं. यांत एक खोंच होती. शेतकऱ्यापाशीं रोकड नसे. तो माल उधारीनें नेई आणि पीक आलें किंवा गोऱ्हा वाढला म्हणजे त्या रूपानें फेड करी; कधीं करी, कधीं न करी. लंडनच्या सावकारास मात्र गोऱ्हा चालत नसे, त्याला पौंड हवे असत. गिऱ्हाइकाची उधारी आणि सावकाराची मुदत यांच्या कात्रींत ट्रंबुल वर्षानुवर्षें सांपडलेला होता. फ्रेंचांशीं युद्ध चालू असतां फौजेस माल पुरविण्याचे मक्ते मिळाले, म्हणून कांहीं काळ निभावलें. १७६३ सालीं तह झाला, मक्ते संपले, व्यापारांत मंदी आली, कांहीं जहाजेंहि बुडालीं; आणि १७६६ च्या सुमारास सारा डोलारा कोसळला. शेजाऱ्यांवर फिर्यादी लावून वसुली करण्याची कठोरता त्याच्या अंगीं बेताचीच असावी, असें त्याच्या व्यवहारावरून वाटतें.

मग अशा माणसास लोकांनीं वर कां चढविलें? कनेक्टिकटास १६६२ च्या सनदेनें आपला गव्हर्नर आपणच निवडण्याचा अधिकार होता. बहुतेक इतर वसाहतींत तो राजाकडून किंवा जमिनीच्या मालकांकडून नेमला जाई. १७६५ सालीं स्टँप ॲक्टाच्या अंमलबजावणीची शपथ घेण्याचा प्रसंग आला, तेव्हां तत्कालीन गव्हर्नरानें ती घेतली. सल्लागार मंडळांतील ट्रंबुल व त्याचे कांहीं सहकारी मात्र उठून बाहेर गेले. ही गोष्ट लोक विसरले नाहींत. पुढील वर्षीं तो उपगव्हर्नर झाला, म्हणजे दुकान व पद यांची घसरण आणि चढण जवळजवळ एकाच वेळीं झाली. १७७५ सालीं तेरा वसाहतींच्या गव्हर्नरांपैकीं राजाविरुद्ध लोकांच्या बाजूस उभा राहिलेला तोच एकटा. लंडनचें देणें असलेल्या माणसास लंडनशीं संबंध तुटल्यास बरेंच, असा तर्क कोणी करील; परंतु बंड फसलें असतें तर फांसाची दोरी टळली नसती, हेंहि त्याच तर्कांत धरलें पाहिजे.

युद्ध सुरू होतांच तें लेबननचें दुकानच कचेरी झालें. संरक्षण मंडळाच्या शेंकडों बैठका तेथें झाल्या. दारूगोळा, तंबू, पायमोजे, ब्लँकेटें, सॉल्सबरी येथील भट्टींत ओतलेल्या तोफा, या साऱ्यांचे हुकूम तेथून सुटत. दुकान बुडालें होतें, पण दुकानानें दिलेली माहिती बुडाली नव्हती. कोणत्या खेड्यांत कोणाच्या गोठ्यांत किती जनावरें, कोणता रस्ता थंडींत चालता, कोणाचा शब्द खरा आणि कोणाचा नुसता गोड, हें चाळीस वर्षांच्या उधारीनेंच त्याला शिकविलें होतें.

याची कसोटी १७७८ च्या फेब्रुवारींत लागली. व्हॅली फोर्ज येथील छावणींत वॉशिंग्टनचें सैन्य उपासमारीनें हैराण झालें होतें. त्यानें ट्रंबुलला निकडीचें पत्र लिहिलें. हेन्री चँपियन नांवाच्या अधिकाऱ्यानें कनेक्टिकटांतून गुरांचे कळप निघविले आणि ऐन थंडींत हडसन व डेलावेअर ओलांडून ते छावणीपर्यंत पोंचविले. तीं जनावरें कशासाठीं नेलीं हें आमच्या बहुतेक घरांत रुचणारें नाहीं; पण त्या सैनिकांस दुसरें अन्न नव्हतें, आणि तें मिळालें नसतें तर फौज पांगली असती.

घराला मात्र याची किंमत द्यावी लागली. मुलगी फेथ १७७५ च्या जूनमध्यें, सैन्यांत असलेल्या नवऱ्यास व भावांस भेटण्यासाठीं, बोस्टनजवळ गेली असतां बंकर हिलची लढाई तिच्या दृष्टीस पडली. तें दृश्य तिच्या मनांतून गेलें नाहीं. नोव्हेंबरांत तिनें स्वतःच्या हातानें जीवनाचा शेवट केला. वडील मुलगा जोसेफ सैन्याचा पहिला मुख्य पुरवठा अधिकारी. अधिकार व मोबदला यांवरून काँग्रेसशीं खटके उडून त्यानें १७७७ सालीं काम सोडलें आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. धाकटा जॉन चित्रकार निघाला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचें त्याचें चित्र आज वॉशिंग्टन शहरीं कॅपिटॉलच्या घुमटाखालीं आहे. पत्नीचें नांवहि फेथच. सैनिकांसाठीं वर्गणी गोळा होत असतां फ्रेंच सेनापति रोशांबो यानें भेट दिलेला आपला तांबडा झगा तिनें प्रार्थनामंदिरांत काढून दिला, अशी गोष्ट सांगतात. ती बाई वारली १७८० च्या मे महिन्यांत, आणि रोशांबो अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला जुलैमध्यें! झगा तिनें दिलाहि असेल. तो रोशांबोचा खास नव्हता.

त्याच हिंवाळ्यांत फ्रेंच घोडेस्वार लेबननमध्यें राहिले, आणि त्यांच्या उमराव सेनापतीस तें खेडें सैबेरियासारखें वाटलें. ट्रंबुल तेथेंच सत्तर वर्षें राहिला होता.

शेवटचीं वर्षें सुखाचीं गेलीं नाहींत. करांचा बोजा वाढला तशी त्याची लोकप्रियता ओसरली. शत्रूशीं चोरटा व्यापार करतो अशी कुजबूज उठली. त्यानें स्वतःच चौकशी मागितली, आणि १७८२ सालीं विधिमंडळानें त्यास निर्दोष ठरविलें. पुन्हां उभें न राहण्याचा निश्चय जाहीर करितांना त्यानें सर्व प्रांतांस जोडणारें मध्यवर्ती सरकार अधिक बळकट करा, असें बजावलें. तें कित्येकांस आवडलें नाहीं. १७८४ सालीं तो पदावरून उतरला आणि १७ ऑगस्ट १७८५ रोजीं लेबननमध्येंच वारला.

अडचण आली कीं वॉशिंग्टन ‘जोनाथनभाऊंना विचारूं या’ असें म्हणे आणि त्यावरूनच अमेरिकन माणसाला तें टोपणनांव पडलें, ही आख्यायिका पुढें फार पसरली. तिला समकालीन पुरावा मिळत नाहीं. दुकानाची ती लांकडी इमारत मात्र अजून उभी आहे. मूळ जागेवरून थोडी हलविलेली, दोन-तीन खोल्यांची, आपल्या एखाद्या वाण्याच्या वखारीहून मोठी नाहीं.