डोक्याचा मुका मार

डोक्यास लागलें पण रक्त आलें नाहीं, म्हणजे कांहीं झालें नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. मुलगा पडतो, क्षणभर भांबावतो. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, आणि तो उठून पुन्हां धावूं लागला कीं सर्वांस कौतुक वाटतें. ह्या कौतुकाविषयींच आम्हांस आज लिहावयाचें आहे.

आमच्या औंढ्यास मुलांचा ओढा क्रिकेट व कबड्डी यांकडे अधिक, आणि मार तेथेंहि लागतो. परंतु चेंडू जाणूनबुजून डोक्यानें मारावयाचा खेळ म्हणजे फुटबॉल, व त्याचें आपल्याकडील माहेर कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नांवांनींच तेथें संघ उभे आहेत, आणि त्यांच्या सामन्यांस पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत झाली, तींत कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. अशा खेळास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं.

तरी ज्या देशांत हा खेळ वाढला, तेथील अनुभव पाहावा. इंग्लंडचा जेफ अॅसल डोक्यानें चेंडू मारण्यांत प्रसिद्ध होता. तो २००२ सालीं ५९ व्या वर्षीं वारला, व हा रोग धंद्यांतून जडला, असा निर्णय कोरोनरनें दिला. २०१९ सालीं ग्लासगो विद्यापीठांतील संशोधकांनीं स्कॉटलंडच्या जुन्या धंदेवाईक खेळाडूंच्या मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हां मेंदू झिजविणाऱ्या रोगांनीं आलेलें मरण त्यांच्यांत इतरांच्या सुमारें साडेतीनपट आढळलें. हृदयविकारानें मात्र ते कमी दगावले, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२० पासून तेथें बारा वर्षांखालील मुलांस सरावांत डोक्यानें चेंडू मारूं देत नाहींत.

डोक्यास हिसका बसला कीं मेंदू आंतल्या आंत हालतो व त्याचें काम बिघडतें. कवटी शाबूत राहते. म्हणून सी.टी.चें चित्र निर्दोष आलें तरी मुलगा बरा आहे, असें ठरत नाहीं. चरकानें हृदय, बस्ति व शिर हीं मर्में श्रेष्ठ गणिलीं, तीं उगीच नव्हेत.

खरा धोका दुसऱ्या तडाख्यांत आहे. पहिला मार भरून निघण्यापूर्वीं दुसरा बसला, तर दुखणें लांबतें, आणि क्वचित् मेंदूस सूज येऊन प्राणावर बेततें. म्हणून त्या दिवशीं पुन्हां मैदानांत पाऊल नको, सामना अंतिम कां असेना. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनें २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागीं दुसरा घेण्याची सोय केली. शाळेच्या मास्तरांस तेवढ्यासाठीं कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.

डोकेंदुखी, चक्कर, मळमळ, उजेड न सोसणें, तोच प्रश्न पुनःपुन्हां विचारणें, हीं लक्षणें कांहीं तासांनींहि दिसूं लागतात. ओकाऱ्या थांबत नसतील, गुंगी वाढत असेल, झटका आला किंवा हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट न पाहतां हिंगोलीस वा नांदेडास न्यावें. एरवीं दोन दिवस विश्रांति, मोबाईल शक्यतों दूर, मग थोडें चालणें. डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज खेळ नाहीं. वडील मंडळींनीं तेवढे दिवस ‘आमच्या वेळीं’ हें पुराण बंद ठेवावें. पोर दुखणें लपवितें तें बहुधा त्यापायींच. शाळेंतहि कळवावें, म्हणजे गणिताच्या मास्तरांचा तगादा दोन-चार दिवस तरी थांबेल.