बोरन्हाणाची लूट भरताना

तुमच्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे ना? मग संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत एखाद्या संध्याकाळी तुमच्याकडे बोरन्हाण होणारच. काळं झबलं शिवून झालं असेल. हलव्याचे दागिनेही सांगून ठेवले असतील. आता राहिली लूट. तिच्यात काय भरायचं आणि कुणाच्या हातात काय द्यायचं, तेवढं आज नीट ठरवून घ्या.

आपल्या अकलूज भागात लुटीला काही कमी नाही. हंगाम सुरू असतो, शिवारात ऊस असतो. सोलापूर जिल्ह्यातली बोरं बाजारात आलेली असतात. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. भुईमुगाच्या शेंगा घरात असतात. जे रानात पिकलं ते बाळाच्या डोक्यावरून ओतायचं आणि जमलेल्या पोरांनी ते वेचून खायचं. थंडीच्या दिवसांत मुलांच्या पोटात हंगामाचा मेवा जावा, हे त्यातलं शहाणपण.

ख्रिस्ती घरांत ईस्टरला मुलांसाठी खाऊची टोपली भरतात, तशी ही आपली टोपली. तिच्यात आता चॉकलेटं आली, गोळ्या आल्या, छोटी खेळणीही आली. हौस करा, जरूर करा. फक्त एक गोष्ट मनाशी धरा. ओतायची लूट वेगळी आणि वाटायची लूट वेगळी. एवढं केलंत तर बाळ सुखरूप राहील आणि आलेलं एकही पोर रिकाम्या हाताने जाणार नाही.

आधी ओतायची लूट पाहू.

बाळाच्या डोक्यावरून पडणारी वस्तू हलकी हवी. चुरमुरे घ्या. झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या घ्या. शास्त्रापुरती दोन-चार मऊ, पिकलेली बोरं बाळाच्या ओंजळीजवळ ठेवा. उसाचे करवे वरून टाकू नका. त्यांची कड धारदार असते, डोळ्याला लागते. नाणी, टणक गोळ्या आणि सुक्या रेवड्याही वरून नकोत.

एका वर्षाच्या आतलं बाळ असेल तर फक्त पाकळ्या पुरे. बाळाला पाटावर एकटं बसवू नका, आजीने मांडीवर घ्यावं. डोक्याला कुंची असू द्या. ओतणाऱ्या बाईने माप बाळाच्या डोक्याच्या अगदी जवळ धरावं आणि हळूहळू ओतावं. सगळे एकदम टाकायला लागले की बाळ घाबरतं आणि रडून आकांत करतं.

हलव्याच्या दागिन्यांकडे नीट लक्ष द्या. हा हलवा म्हणजे तिळावर चढवलेली काटेरी साखर. तो दोऱ्यात ओवलेला असतो, नाहीतर पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. बाळ हार ओढतं, दाणा सुटतो आणि थेट तोंडात जातो. म्हणून घालण्याआधी प्रत्येक दागिना हाताने ओढून पाहा. औक्षण झालं, फोटो झाला की दागिने लगेच काढा. कौतुक थोडा वेळ पुरे, खेळायला देऊ नका.

आता वाटायची लूट.

जमिनीवर पडलेलं वेचताना मोठी पोरं झडप घालतात आणि धाकटी कोपऱ्यात रडत उभी राहतात. शिवाय पायाखाली आलेला खाऊ मुलांनी का खावा? वेचण्याची गंमत राहू द्या, पण खरा खाऊ प्रत्येकाच्या नावाने वेगळा बांधून ठेवा. जुन्या सुती साडीच्या छोट्या पिशव्या शिवा. नाहीतर कुंभाराकडून साधी, बिनरंगाची बोळकी आणा. संक्रांतीला सुगडं आणायला जाताच, त्यातच चार जास्त घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र नकोत.

पिशव्या दोन प्रकारच्या करा.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत मूठभर शेंगा, पाच-सहा बोरं, सोलून कापलेला ऊस, थोडे घाटे आणि एक तिळाचा लाडू घाला. त्यासोबत टिकणारी एखादी वस्तू द्या. पेन्सिल, रंगखडू, भोवरा, उड्या मारायची दोरी. खाऊ दोन दिवसांत संपतो, भोवरा उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत फिरतो.

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांची पिशवी निराळी बांधा. तिच्यात राजगिऱ्याची मऊ वडी, एखादं केळं, कापडाचा चेंडू, चित्रांचं पुस्तक असं काही घाला. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर खाऊ नकोच, कापडी खेळणं पुरे. कुठली पिशवी कुणाची ते लांबून कळावं म्हणून धाकट्यांच्या पिशव्यांना लाल दोरा बांधा.

धाकट्यांना शेंगदाणे, फुटाणे, टणक गोळ्या, हलव्याचे दाणे आणि बिया असलेली बोरं देऊ नका. या वयात दाढा पूर्ण आलेल्या नसतात. दाणा चावला जात नाही. हसता-पळताना तो श्वासनळीत उतरतो. मग मुलाला भूल देऊन डॉक्टरांना दुर्बिणीने तो काढावा लागतो. बोर द्यायचंच असेल तर बी काढून, बारीक कापून, मांडीवर बसवून भरवा.

फुगे सजावटीला लावा, पण उंच बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर तो घशाला चिकटतो आणि श्वास कोंडतो. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला.

खेळणं घेताना आयएसआय खूण पाहा. 1 जानेवारी 2021पासून आपल्या देशात मुलांच्या खेळण्यांवर ही खूण बंधनकारक आहे. लुकलुकणारी अंगठी, दिव्याचा भोवरा यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. असं खेळणं लुटीत घेऊच नका. तरीही सेल गिळल्याची शंका आली तर वाट पाहू नका. उलटी करवू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा.

लाडवात नाणं किंवा खेळणं लपवू नका. अमेरिकेत तर खाऊच्या पोटात खेळणं दडवून विकायला कायद्यानेच मनाई आहे. आपण घरच्या घरी तेवढी काळजी घेऊ शकतो.

बोरं आदल्या दिवशी आणा. पाण्यात घालून ठेवा, दोन पाण्यांनी चोळून धुवा, फडक्यावर पसरून कोरडी करा. देठाजवळ छिद्र दिसलं तर आत अळी असते, ते बोर बाजूला काढा. ऊस धुऊन मगच सोला. करवे बोटभर लांबीचे करा आणि डोळे, पेरं काढून टाका. मुलांना बसून चोखायला सांगा. तोंडात ऊस धरून पळू देऊ नका. खाऊन झालं की सगळ्यांना खळखळून चूळ भरायला लावा. तिळगूळ दातांना चिकटून राहतो.

इतकं करूनही कुणाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवं.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. तोंडात बोट घालून चाचपडू नका, दाणा आणखी आत जातो. खोकला बंद झाला, आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले तर क्षणही दवडू नका. एकाने 108ला फोन करावा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच करा. मोठं मूल असेल तर पुढे वाकवून पाठीत 5 थापा मारा. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे 5 झटके द्या. दवाखान्यात किंवा अंगणवाडीत गेलात की हे एकदा हाताने करून दाखवायला सांगा.

ठसका लागून गेला आणि मूल खेळायला लागलं, तरी विसरू नका. पुढच्या काही दिवसांत खोकला राहिला किंवा छातीत घरघर ऐकू आली, तर डॉक्टरांना त्या ठसक्याबद्दल आवर्जून सांगा. नाहीतर ते सर्दी-खोकल्याचंच औषध देतील.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातली. बोरन्हाणाला ऊस हवा म्हणून पोरं रस्त्यावर ट्रॉलीच्या मागे धावतात, चालत्या ट्रॉलीतून कांडं ओढतात. शंकरनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं पोर दिसत नाही. ऊस मागायचा तर शेतात जाऊन मागा. दोन कांड्यांना आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

आणि त्याच फडात ऊस तोडणाऱ्यांची मुलं असतात. बीड, अहिल्यानगरकडून ही बिऱ्हाडं येतात आणि कोप्या करून राहतात. त्यांच्या मुलांची संक्रांत इथेच, आपल्या शिवारात होते. त्यांना बोलवा. आई-बापांना आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्यांनाही धाडायला जमेल. मुलांना इतरांच्या पंगतीतच बसवा. उरलंसुरलं देऊ नका, तीच पिशवी द्या, तोच भोवरा द्या. एखाद्या कोपीत तान्हं बाळ असेल तर तुमच्या बाळाशेजारी त्यालाही बसवा आणि दोघांना एकाच वेळी ओवाळा.

बोलावलेल्या मुलांची नावं आजच कागदावर लिहा. प्रत्येकाचं वय पुढे लिहा. मग पिशव्या मोजा आणि त्यापेक्षा पाच-सहा जास्त भरा. धाकट्या भावाला कडेवर घेऊन एखादी ताई येतेच, शेजारच्यांचा पाहुणाही येतो. त्यांच्याही हातात पिशवी पडली पाहिजे.