आधी ऐकण्याची मजुरी द्या

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की उंदरांचे मुक्काम बदलतात. बांध्या मोकळ्या होतात आणि अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचं बॉनेट त्यांना उबदार वाटू लागतं. एअर फिल्टरच्या डब्यात तणस, कागदाचे कपटे आणि मूठभर धान निघालं, तर इथल्या मिस्त्रीला त्याचं नवल वाटत नाही. मालक मात्र वेगळ्याच धास्तीनं आलेला असतो. "भाऊ, रेस दिली का गाडी आवाज करून राहिली. इंजिन गेलं वाटते."

इंजिन शाबूत असतं. उंदरानं हवेचा रबरी पाइप कुरतडलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जास्त हवा ओढतं आणि एरवी डब्यात दबून राहणारा घोगरा आवाज त्या फटीतून बाहेर येतो. पाइप बदलला, डबा साफ केला की काम झालं. पण तसंच दुर्लक्ष केलं तर फिल्टरला चुकवून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. राइस मिलच्या या जिल्ह्यात त्या धुळीत भुशाची राखही असते. ही राख मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचीच जात. ती पिस्टनच्या रिंगा झिजवते.

एवढा साधा बिघाड ओळखण्याऐवजी सायलेन्सर बदलला जातो, मग इंजिन फाउंडेशन, मग थेट इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. यात मिस्त्रीची नियत वाईट असते असं नाही. त्याला पैसे मिळतात ते सुटा भाग विकल्याचे आणि तो बसवल्याचे. अर्धा तास गाडीत बसून नुसतं ऐकलं, तर त्याची मजुरी कोणी देत नाही. तपासणीची वेगळी फी मागितली तर "नुसतं पाहण्याचे कसले पैसे?" असं म्हणून गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजकडे वळतं. हा व्यवहार बदलला पाहिजे. पाचशे रुपये ऐकण्याचे दिले, तर पाच हजारांचा नको असलेला भाग वाचू शकतो.

ऐकायला वेळ लागतो, त्याला कारण आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना सेकंदाला १०० स्फोट होतात. तीन सिलिंडरच्या लहान गाडीत ७५. गाडीवर भार आला की प्रत्येक स्फोटाचा दाब वाढतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग जळालेलं असेल किंवा सायलेन्सरच्या जाळीदार लवचीक पाइपला चीर असेल, तर तो दाब तिथूनच फटफटत बाहेर पडतो. गॅरेजसमोर उभ्या गाडीला रेस दिली तर हाच आवाज पुष्कळदा लपून राहतो. म्हणून मिस्त्रीनं शेजारी बसून गोरेगाव रस्त्यानं एक फेरी मारायला हवी.

थंड गाडीत टिकटिक होते आणि दहा मिनिटांनी थांबते, तेव्हा संशय मॅनिफोल्डवर घ्यावा. धातू तापून फुगतो आणि चीर मिटते. सांध्याभोवतीची काळी काजळी हा पक्का पुरावा. बेल्ट सैल असेल तर किंचाळतो, डिझेल गाडीत टर्बोचा होज फाटला तर शिट्टी वाजते आणि पिकअप पडतो. उष्णतारोधक पत्र्याचा एखादा स्क्रू निघाला तरी अख्खी गाडी खिळखिळी झाल्यासारखी वाटते.

दरेकसाकडच्या चढावर चौथ्या गिअरमध्येच गाडी रेटली, तर डब्यात गोट्या हलवल्यासारखा कडकडाट येतो. तो इंधन अवेळी पेटल्याचा. तिथे पहिला उपाय चालकाच्या हातात आहे : गिअर खाली घेणं. तरीही आवाज राहिला तर स्पार्क प्लग, साचलेला कार्बन आणि नॉक सेन्सर तपासायचे. खालून जड ठोके येत असतील, ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी तिथेच बंद करून ओढून न्यावी. यात चालढकल नको.

वेगासोबत वाढणारी घरघर मात्र इंजिनाची नसूही शकते. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा. इंजिन शांत झालं आणि घरघर तशीच राहिली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा.

एक्झॉस्टच्या गळतीकडे केवळ कर्कश आवाज म्हणून पाहणं धोक्याचं आहे. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो आणि त्याला ना रंग, ना वास. घरातली मुलं मागच्या सीटवर झोपलेली असताना ही जोखीम कोणी का घ्यावी?

कायद्याची बाजूही लंगडी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. नव्या प्रवासी कारच्या मॉडेलला मंजुरी देताना गाडी जोरानं वेग घेत असतानाचाच आवाज साडेसात मीटरवरून मोजतात आणि मर्यादा ७४ डेसिबलची असते. एकदा गाडी रस्त्यावर आली की पीयूसी केंद्रात धूर तपासला जातो, आवाज नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करायची वेळ येते, तेव्हा कुठे ती पूर्ण तपासली जाते. इंग्लंडमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी असते आणि तीत एक्झॉस्टची गळती नि आवाज दोन्ही पाहतात. आपल्याकडे पीयूसीच्या वेळीच गाडीखाली बॅटरीचा उजेड टाकून सायलेन्सरचे सांधे बघायला फार तर पाच मिनिटं लागतील. गळक्या पाइपमध्ये बाहेरची हवा मिसळली तर धुराचा आकडाही चुकू शकतो, म्हणजे त्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा हे पाहणं गरजेचं आहे.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे. तिथून निघालेल्या मुलाला देवरी किंवा आमगावला स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल, तर तपासणी हाच त्याचा पहिला धंदा होऊ शकतो. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, काजळी बघायला बॅटरी, संगणकीय दोष वाचणारा स्कॅनर, एवढ्यावर सुरुवात होते. मालकानंही गाडी नुसती सोडून जाऊ नये. आवाज थंडीत येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, एसी चालू असताना की बंद, हे चार ओळींत लिहून द्यावं. आणि बिलबुकात सामान आणि मजुरी या दोन रकान्यांच्या वर तपासणीचा तिसरा रकाना दिसला, तर ते पैसे घासाघीस न करता द्यावेत.