हवा जरा कमी करा!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय आहे सायकलच्या चाकातली हवा. हसू नका! चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं या भानगडीत का पडावं, असं वाटेल तुम्हाला. पण मला राग आला आहे, आणि राग आला की मला लिहावंच लागतं, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहे.

माझ्या लेकीनं पंचेचाळिशीत ट्रायथलॉनचं वेड घेतलं. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानंच सायकल मारायची आणि ती टाकून धावत सुटायचं. हा खेळ लांब पल्ल्याचा झाला १९७८ मध्ये, हवाई बेटांवर. त्या पहिल्या स्पर्धेला पंधरा जण उभे राहिले आणि बारा जणांनी ती पुरी केली. पूर्ण पल्ला म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. त्याचा निम्मा प्रकार २०१९ मध्ये गोव्यातही सुरू झाला. लेकीचं लक्ष्य या निम्म्याचं आहे. पण निम्मं म्हटलं तरी सायकल ९० किलोमीटर, आणि पुढे एकवीस किलोमीटर धावणं उभंच!

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती ११० किलोमीटरचा सराव करून माझ्याकडेच आली. मी चहा पुढे केला तर कप तिच्या हातात ठरेना. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही बधिर. आंघोळ करून बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आई, जरा बटणं लावून देतेस?"

बालवाडीनंतर मी तिची बटणं कधी लावली नव्हती. लावून दिली. बोलले काही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूनं जाणारी नस दबली आहे. तासन् तास हँडलवर भार आणि त्यात रस्त्याची थरथर. आत्ता थांबलात तर बरं होईल, असंच रेटलंत तर पकड कायमची कमजोर होऊ शकते. लेक व्यवसायानं दंतवैद्य आहे. हात हेच तिचं पोट.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सायकलच्या दुकानात गेले. दुकान कुठलं ते सांगत नाही, असली दुकानं सगळीकडे आहेत. तिच्या सायकलला २५ मिलिमीटरचे टायर होते आणि त्यात हवा होती १२० पीएसआय. (पीएसआय म्हटलं की मला आधी फौजदार आठवतो. इथं अर्थ दर चौरस इंचावर इतके पौंड दाब.) मी विचारलं, इतकी घट्ट कशाला? तो मुलगा म्हणाला, "आजी, जितकी टाइट तितकी गाडी पळते. हात तर दुखणारच, ही रेस आहे, पिकनिक नाही. सवय होईल." आणि मग लेकीकडे वळून, "मॅडम, कम्फर्ट पाहिजे तर चाकंच बदला. कार्बनची घ्या." किंमत ऐकून मी स्टुलावर बसले. आमचं पहिलं घर त्याहून थोडंसंच महाग होतं!

तर मंडळी, माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे. "घट्ट हवा म्हणजे वेग" हे एक आणि "दुखणारच" हे दुसरं.

आधी इतिहास, कारण तो माझा विषय. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडायची. त्या काळी चाकांना भरीव रबर असे. पोराचे हाल कमी व्हावेत म्हणून डनलॉपनं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. (तशी कल्पना रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्येच नोंदवली होती, पण ती विस्मरणात गेली.) लोक या जाडजूड टायरांना हसले. आणि १८८९ मध्ये विल्यम ह्यूम नावाच्या गड्यानं तेच टायर लावून बेलफास्टमधल्या शर्यती मारल्या. मग हसणं थांबलं.

म्हणजे बघा, हवेचा टायर जन्मला तो आरामासाठी, आणि वेग त्याच्या पाठोपाठ आला. आपण मात्र त्यात १२० ची हवा कोंबून त्याचं पुन्हा भरीव रबर करतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

आता शास्त्र. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. म्हणून आमच्या शाळेतल्या निवृत्त पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठलं आणि समजेपर्यंत सोडलं नाही. टायर जमिनीला टेकतो तिथं दबतो आणि पुढे गेला की सुटतो. या दबण्यासुटण्यात रबर थोडी शक्ती खातं. हवा घट्ट असेल तर दबणं कमी आणि नुकसान कमी. इथपर्यंत दुकानातला मुलगा बरोबर आहे. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी पिंपावर चाक फिरवून मोजलं की हेच उत्तर येतं, आणि वर्षानुवर्षं सगळे त्यावर विसंबून राहिले.

पण आपण पोलादी पिंपावर सायकल चालवत नाही. कात्रजच्या घाटात चालवतो. खडबडीत रस्त्यावर टायर दबला नाही तर खडा गिळला जात नाही. सबंध सायकल माणसासकट वर उचलली जाते. पुढे जायला लावलेली शक्ती वर उडण्यात जाते आणि ती थरथर शेवटी मुरते आपल्या मांसात. सर म्हणाले, "बाई, तुमच्या लेकीचे हातच शॉक अॅब्सॉर्बर झालेत." सिअ‍ॅटलच्या यान हाइनं यांनी त्यांच्या 'बायसिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकातून २००० च्या दशकातच खऱ्या रस्त्यावर चाचण्या करून हे मांडलं होतं, तेव्हा त्यांनाही बरेच जण हसले. आज व्यावसायिक शर्यतींत काय दिसतं? २३ मिलिमीटरचे टायर केव्हाच गेले, २५ येऊन गेले, आता २८ आणि ३० सर्रास दिसतात, तेही कमी हवेचे. ज्यांचं पोट शर्यतीवर आहे ते मऊ टायरवर आले. आपल्याकडचे हौशी लोक मात्र अजून १२० ला चिकटून!

माझ्या शब्दावर जाऊ नका. आम्ही घरीही करून पाहिलं. जावईबापूंनी २८ चे टायर आणले (तिच्या सायकलच्या फोर्कमध्ये ते बसतात हे आधी पाहून घेतलं, जुन्या रेसिंग सायकलींत बसत नाहीत). रविवारी पहाटे वारा पडलेला असताना आमच्या मागच्या उतारावर गेलो. रस्ता पाण्याच्या लाइनसाठी तीनदा खणून तीनदा बुजवलेला, म्हणजे अस्सल पुणेरी. लेकीनं पायडल न मारता उतरायचं आणि सायकल थांबेल तिथं मी खडूनं रेघ मारायची. खडू अजून पर्समध्ये असतो माझ्या. तीनदा ११० ची हवा भरून, तीनदा ६५ ची. टायर तेच, माणूस तोच. ६५ च्या तिन्ही रेघा ११० च्या रेघांच्या पुढे पडल्या. मग शेजारच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर तेच केलं, तिथं रेघा एकमेकींत मिसळल्या. हा काही प्रबंध नव्हे. पण जावई म्हणाले, "आई, तुम्ही म्हणता ते खरं दिसतंय." जावयानं हे तोंडानं म्हणणं हाही एक पुरावाच.

आता चाकांविषयी. "आराम हवा तर महागडी चाकं घ्या" हे मला सरळ दिशाभूल वाटतं. ताणलेल्या तारांचं चाक, ते अॅल्युमिनियमचं असो की कार्बनचं, उभ्या दिशेत मिलिमीटरभरही दबत नाही. टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. आराम टायरच्या पोटात आहे, चाकाच्या किमतीत नाही. चाक घेताना बघायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. एक, रिम आतून किती रुंद आहे. पूर्वी ती १३ ते १५ मिलिमीटर असे, आता २१ किंवा जास्त मिळते. रुंद रिमवर टायर नीट पसरून बसतो आणि कमी हवेतही वळणावर डगमगत नाही. दोन, रिमची खोली. ८० मिलिमीटर खोल चाक समोरचा वारा कापतं हे खरं, पण बाजूचा वारा आला की ते शीड होतं. हवाईच्या कोनामधल्या स्पर्धेत याच वाऱ्यामुळे वर्षानुवर्षं बंद तबकडीच्या चाकांना मनाई केली गेली. अठ्ठावन्न किलोच्या बाईनं असलं पुढचं चाक लावून हँडल आवळून धरायचं, म्हणजे पुन्हा ते हातच!

आणि वारा अडवतं कोण? चाकापेक्षा कितीतरी जास्त आपलं शरीर. म्हणून तर हे लोक कोपर टेकून, पाठ आडवी करून बसतात. पण धक्के सहन होईनात की माणूस उठून बसतो. लेक त्या दिवशी शेवटचे चाळीस किलोमीटर ताठ बसून आली होती. मग वेगासाठी भरलेल्या त्या १२० हवेचा उपयोग काय झाला? शिवाय सायकल हा मधला तास, अजून धावायचं आहे. खिळखिळं झालेलं अंग घेऊन एकवीस किलोमीटर कसं धावायचं?

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकांगी लिहितात. हवा फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. वजनदार माणसाला जास्त हवा लागते, पातळ टायरला जास्त लागते. म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नका. आणि अंगठ्यानं दाबून बघू नका, अंगठ्याला ७० आणि १०० यांतला फरक कळत नाही. काटा असलेला पंप घ्या. टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, आज्ञा नव्हे. पुलावर 'भारक्षमता १० टन' लिहिलं म्हणून कुणी मोजून दहा टन नेत नाही ना? काही नव्या चाकांना तर टायर धरणारा आतला ओठच नसतो, हूकलेस म्हणतात. त्यांत ५ बार, म्हणजे साधारण ७२ पौंडांच्या वर भरायचंच नसतं. तिथं १०० भरणं म्हणजे टायर निसटायला आमंत्रण. आणि उन्हाचा हिशेब धरा. पहाटे २० अंशांत भरलेली ८० ची हवा, चाक ४५ अंशांपर्यंत तापलं की ८८ च्या घरात जाते.

आता दुसरं वाक्य. "दुखणारच." याचा राग मला जास्त आला, कारण ते ओळखीचं होतं. माझ्या वर्गात अभ्यास उभा राहून पाठ करायला लावायचे मी. पाय दुखले म्हणजे विद्या मुरते अशी माझी समजूत होती. कुणी बसू का म्हणालं तर "सवय होईल" हेच माझं उत्तर. आणि घरी लेकीला काय शिकवलं? बाईमाणसानं सोसायला शिकावं. ती शिकली. म्हणून बधिर बोटांनी चाळीस किलोमीटर आली आणि वाटेत एकदाही उतरली नाही. त्या दुकानातल्या मुलाचं वाक्य मीच तिच्यात आधी भरून ठेवलं होतं, आणि तेही १२० नंच.

कष्टाला माझा विरोध नाही. नव्वद किलोमीटर चालवणं हे कष्टच आहेत. पण उपयोगाचं दुखणं आणि फुकटचं दुखणं यांत फरक करता यायला हवा. पाय दुखले तर पाय घडतात. नस दबली तर काहीही घडत नाही, फक्त नस दबते.

असो. सध्या मागे ६५, पुढे ६२ अशी हवा आहे. चाकं जुनीच आहेत. मध्ये सहा आठवडे सायकल बंद होती. करंगळीचा बधिरपणा गेला, शेजारच्या बोटाला अजून थोड्या मुंग्या येतात. गोव्याला जायचं की नाही ते ती बोट बघून ठरवणार आहे, आणि या वेळी मी "जा, सोस" म्हणणार नाही.

दर रविवारी निघण्याआधी ती पंप माझ्या हातात देते. काटा मी बघते. तुमच्यापैकी जे सायकलवाले आहेत त्यांनी आज आपल्या चाकात किती हवा आहे ते काट्यावर बघा आणि मला कळवा. भांडायला मी आहेच!