युरियाच्या दाण्याचें कवच कोण तपासणार?

गंधकाचा लेप दिलेला युरिया 'युरिया गोल्ड' या नांवानें सरकारनें जुलै २०२३ मध्यें पुढें आणिला. त्याच्या ४० किलोंच्या पिशवीची किंमत जानेवारी २०२४ मध्यें २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे निंबाचा लेप असलेल्या युरियाच्या ४५ किलोंच्या पिशवीइतकीच, ठरली. महसूल खात्यांत जन्मभर कारकुनी केल्यामुळें आंकडे दिसले कीं वजाबाकी करण्याची माझी खोड जात नाहीं. निंबयुक्त युरियांत नत्र ४६ टक्के, म्हणजे पिशवींत २०.७ किलो. गंधकयुक्त युरियांत ३७ टक्के, म्हणजे १४.८ किलो. सुमारें सहा किलो नत्र कमी, आणि त्याच्या बदल्यांत १७ टक्क्यांप्रमाणें ६.८ किलो गंधक. गंधक भुईमुगास व सोयाबीनास लागतोच. त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु कमी नत्रांत पीक तितकेंच यावयाचें, तर तें नत्र हळूहळू सुटलें पाहिजे, आणि तें सर्वस्वीं दाण्याच्या कवचावर अवलंबून आहे.

ही रीत अमेरिकेंतील टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीनें १९६० नंतरच्या दशकांत बसविली. तापविलेल्या दाण्यांवर वितळलेला गंधक फवारावयाचा व वर मेणासारखा थर देऊन फटी बुजवावयाच्या. गंधक जात्याच ठिसूळ. कवचास सुईच्या टोंकाएवढें भोंक असलें, तरी पाणी आंत शिरून दाणा लवकर रिता होतो. उलट कवच फार जाड झालें, तर युरिया पीक निघेपर्यंत कोंडलेला राहतो. एकाच पिशवींत दोन्ही तऱ्हेचे दाणे असूं शकतात. रासायनिक पृथक्करणानें नत्र किती व गंधक किती हें कळतें. भोंक कोठें होतें हें कळत नाहीं, कारण तपासणींतच कवच नाहींसें होतें. सात दिवस पाण्यांत ठेवून किती विरघळलें तें पाहण्याची जुनी चांचणी आहे. ती उपयोगी खरी, पण तीही सर्व दाण्यांची सरासरी सांगते. सरासरीचें दुखणें आम्हां महसूलवाल्यांस ठाऊक आहे. गांवची पैसेवारी साठ पैसे निघाली म्हणजे कागदोपत्रीं गांव सुखी. माळावरच्या एखाद्याच्या घरीं मात्र पायलीभर धान्य आलेलें नसतें.

कवच न फोडतां आंत पाहण्याची विद्या आज उपलब्ध आहे. तिला क्ष-किरण सूक्ष्म-टोमोग्राफी म्हणतात. १९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्डच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद सुरी न लावतां दाखविले; तेंच तत्त्व येथें लहान वस्तूस लाविलें आहे. दाणा बैठकीवर ठेवून थोडा थोडा फिरवितात, शेंकडों छायाचित्रें घेतात, आणि संगणक त्यांवरून दाण्याचा आंतबाहेरचा आकार उभा करितो. गंधक युरियापेक्षां क्ष-किरण अधिक अडवितो. म्हणून लेप व गाभा निरनिराळे दिसतात व लेपाची जाडी जागोजाग मोजतां येते. मेणाचा थर तितका उठून दिसत नाहीं. मुख्य लाभ असा कीं दाणा शाबूत राहतो. तोच पुढें पाण्यांत टाकून पुन्हा पाहिला, तर नत्र कोणत्या वाटेनें गेलें हेंही उमगतें.

अणुभट्टीच्या ट्रायसो इंधनाच्या बारीक गोळ्यांवर कर्ब व सिलिकॉन कार्बाइड यांचे थर असतात. ते अमेरिकेंत या रीतीनें तपासले गेले आहेत. तेथें थर फुटण्याची भीति मोठी, म्हणून काळजीही मोठी. आमच्या दाण्याचें कवच फुटलें, तर नुसतें पीक पिवळें पडतें.

कोणी म्हणेल, यंत्र महाग व एकेका दाण्यास वेळ फार. मान्य आहे. पण पीक-कापणी प्रयोगासाठीं तरी आपण गांवचें सारें रान कोठें कापतों? प्रत्येक घाण्यांतील थोडे दाणे तपासावे, आणि शेंकडा किती दाण्यांचें कवच सदोष होतें व सात दिवसांत किती नत्र विरघळलें, हे दोन आंकडे पिशवीवर छापावे. आपल्या संघानें येत्या सभेंत तसा ठराव करून कृषि खात्याकडे धाडावा. नमुना मात्र कारखान्यांत न घेतां दुकानांतील पिशवींतून घ्यावा. कारण मालमोटारींतून हिंदकळत आलेल्या आणि हमालांनीं थप्पीवरून आदळलेल्या पिशवींत त्या ठिसूळ कवचाचें काय झालें, हें कारखान्यास ठाऊक नसतें.